हौदावरची फरशी

१

आमचा दिवस गोळ्यानं सुरू व्हायचा आणि भाकरीनं संपायचा.

गोळा म्हणजे भरतीचा, चार किलोचा, लोखंडी. हनुवटीखाली मानेला लावून धरायचा, गुडघ्यातून उठायचं आणि हात सरळ करत पुढं सोडायचा. लातूरच्या आमच्या अकॅडमीचे व्यंकटी सर रोज सकाळी मैदानभर एकच ओरडत फिरायचे, "फेकू नका गं पोरींनो! म्होरं कुत्रं हाय का दगूड मारायला? गोळा ढकलायचा असतोय. ढकला!"

माझा ढकलला जायचा नाही. मागच्या पोलीस भरतीत माझं धावणं चांगलं झालं, लेखी तर उत्तमच, आणि यादीत मी एका मार्कानं राहिले. तो मार्क गोळ्याचा होता. सहा मीटरच्या पुढं गेला की पूर्ण मार्क. माझा पाचाच्या आसपास धपकन पडायचा. बाबा हिमायतनगरला एका शाळेत शिपाई आहेत, यंदा रिटायर होणार. आई फोनवर स्पष्ट म्हणाली होती, "धम्मा, एक डाव अजून. मग मी तुझं काही ऐकायची न्हाई. पाव्हणे बोलावणार." बी.एस्सी. फिजिक्स करून मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर येणार होते.

आणि मी मुळात घाबरट. घरात मला दचकी म्हणतात. कुकरची शिट्टी होणार हे माहीत असतं, शिट्ट्या मोजत मीच उभी असते, तरी दचकते. हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की हिचं असंच आहे. मीसुद्धा स्वतःला तेच सांगत होते.

खोलीत आम्ही दोघी. मी धम्मप्रिया आणि रेणुका. ती देगलूरकडच्या एका खेड्यातली, घरची शेती, आई तेलुगूत रागवते आणि बाप मराठीत समजूत काढतो असं ती सांगायची. तिचा गोळा हसत हसत साडेसहावर पडायचा. भाकरीही तीच करायची. मी केली की नकाशा व्हायचा.

"थापू नकोस नुसती," ती माझ्या मनगटाला धरून दाखवायची. "एका जागी मारत बसलीस तर मधी भोक पडतंय. थाप, फिरव. थाप, फिरव. हात फिरला पायजे गं. अय्यो, हा तर श्रीलंका झाला."

२

खोली गुणाबाईंची. त्या वरच्या मजल्यावर राहायच्या, आम्ही खाली. दारातून आत आलं की एक अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला आमची खोली आणि बोळातच जमिनीखाली पाण्याचा हौद. लातुरात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, त्यामुळे घराखाली हौद असतोच. आमच्याकडचा जरा मोठा होता, बोळातून सुरू होऊन आमच्या खोलीखाली गेलेला. तोंडावर लोखंडी झाकण आणि झाकणावर एक शहाबादी फरशी, इतकी जाड की ती सरकवायला दोघी लागायच्या.

"उंदीर पडतेत बाई," गुणाबाई म्हणाल्या होत्या. "मागल्या साली एक पडला, पंधरा दिवस माणसं तेच पाणी प्यालाली."

त्या दिवसापासून मी पाणी उकळून प्यायला लागले.

मशीन दिली सुगतदादानं. माझा थोरला भाऊ, नांदेडात एका जिममध्ये ट्रेनर आहे. डबीएवढी मशीन, दोन वायरी, दोन चिकट पॅड. पॅड दंडाच्या मागच्या बाजूला लावायचे, बटण दाबलं की करंट बसतो, स्नायू आपोआप आवळतो, सुटतो, पुन्हा आवळतो.

"हे जिममधले पोरं वापरून राहिले," दादा फोनवर म्हणाला. "पण नुसतं पॅड लावून झोपशील तर काही व्हायचं न्हाई. वजन मारायचं, वरून हे. आणि ऐक, दोन्ही पॅड एकाच हाताला. करंट एका पॅडातून निघतो अन् दुसऱ्यात जातो. एक निघाला की सर्किट तुटलं, मशीन गप. समजलं का?"

"दादा, माझं फिजिक्स झालंय."

"हाव, म्हणून तर भीती वाटते."

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा मी अर्थातच किंचाळले. दुखलं नाही. दंड माझा होता आणि तो माझं ऐकत नव्हता, एवढंच. रेणुका हसून लोळायला लागली. तिला लाव म्हटलं तर म्हणाली, "मला न्हाई बाई करंट-बिरंट. माझा हात मलाच पुरतोय."

खोलीतला प्लग जळालेला होता. चालू प्लग एकच, बोळात, हौदाच्या बरोबर वर. म्हणून रोज दुपारी मी फरशीवर बसून मशीन लावायची. उन्हाळ्यात ती जागा गारही असायची. पंधरवड्यात फरक दिसला. डंबेल हलका वाटायला लागला. गोळा साडेपाचवर पडला आणि व्यंकटी सर पहिल्यांदाच माझ्याकडे बघून काही ओरडले नाहीत.

३

मग पाण्याची पाळी आली.

नळ सुटला की घरात धावपळ असते. गुणाबाईंनी वरून हाक मारली, आम्ही दोघींनी फरशी सरकवली, झाकण काढलं आणि पाईप आत सोडला. हौद जवळजवळ रिकामा होता. खाली काळ्या पाण्याचा पातळ थर आणि त्यात पडणाऱ्या धारेचा आवाज. रेणुका गच्चीवर ड्रम भरायला गेली. मी हौदापाशी थांबले, पाणी भरत आलं की सांगायला. नुसतं काय बसायचं म्हणून मशीन लावली.

घामानं पॅडचा चिकटपणा गेलेला होता. दोनतीनदा दंड आवळल्यावर खालचा पॅड सुटला आणि वायरीसकट हौदात गेला. मी "अगं आई" म्हणून मागं सरकले. वायर तोंडावरून आत लोंबत होती.

आणि माझा दंड आवळला.

मी दंडाकडे बघितलं. एकच पॅड होता. दुसरा हौदात. दंड सुटला. पुन्हा आवळला, आधीपेक्षा जोरात, कोपर सरळ होऊन हात पुढं गेला, बोटं उघडली.

मी डाव्या हातानं वायर ओढली. ती लगेच आली नाही. फार नाही, एखादा क्षण. कुठं तरी अडकल्यासारखी. मग सैल झाली आणि पॅड ठिबकत वर आला.

त्यानंतर मी जे केलं ते कुणीही केलं असतं. प्लग काढला, खोलीत जाऊन बसले आणि विचार करून उत्तर काढलं. जमीन ओली होती. मी अनवाणी होते. करंट पॅडमधून पाण्यात, पाण्यातून भिंतीत, भिंतीतून ओल्या जमिनीत आणि तिथून माझ्या पायात. सर्किट पूर्ण. इतकं सोपं.

फक्त मी बसले होते ती जागा कोरडी होती. पण ते मला संध्याकाळी आठवलं.

४

दुपारची लाईट जाणं आमच्याकडे रोजचंच. पंखा थांबतो, फ्रिज थांबतात, अख्ख्या गल्लीचा आवाज एकदम खाली बसतो. अशाच एका दुपारी आम्ही दोघी जमिनीवर सतरंज्या टाकून पडलो होतो. मशीन पिशवीत, पिशवी खिळ्याला. माझा उजवा दंड आवळला.

मी दचकले. "रेणू, बघ. बघ इकडं."

ती कुशीवर वळली. माझ्या दंडाचा मागचा स्नायू उठत होता, बसत होता. हात कोपरातून थोडा सरळ व्हायचा, तळवा उघडायचा, परत यायचा.

"थकल्यावर पापणी उडत न्हाई का?" ती जांभई देत म्हणाली. "तसंच हाय. दंड उडतोय तुझा."

"इतका वेळ? एका तालात?"

तिनं डोळे बारीक करून बघितलं आणि फिस्सकन हसली. "अगो, भाकरी करून राहिलीस तू! इतकं शिकवलं मी, हात झोपेत शिकला शेवटी."

मलाही हसू आलं. खरंच तसंच दिसत होतं. तळवा उघडतोय, आपटतोय, उघडतोय. मी हात तसाच सोडून बघत राहिले. हसू हळूहळू गेलं.

भाकरीला हात फिरतो. हा फिरत नव्हता. एकाच जागी, सरळ, पुन्हा पुन्हा.

आणि मी उताणी झोपले होते. तळवा छताकडे होता. भाकरी खाली असते. हा हात वरच्या कशावर तरी आपटत होता.

मी रेणुकाला हे सांगितलं नाही. तिचा डोळा लागला होता. मी हात पाठीखाली घेतला आणि त्याच्यावर झोपले. दबलेला हात थोडा वेळ धडपडला, मग गप्प झाला. त्या शांततेत मला जमिनीखालून आवाज आला असं वाटलं. मऊ, जड. ओल्या तळव्याचा.

वाटलं, असं मी म्हणते आहे. गल्लीत कुणी गोधडीही आपटत असेल.

५

दादाला फोन केला. तो म्हणाला, मशीन बंद ठेव आठ दिवस, स्नायूला सवय लागते कधीकधी, नस चाळवते, मीठ-साखरेचं पाणी पी. मला बरं वाटलं. सगळ्याला नाव असतं तसं यालाही असणार.

मशीन बंद ठेवली. हात बंद झाला नाही.

शेवटी मी एक प्रयोग केला. हसू नका, प्रयोग केल्याशिवाय माझ्या मनाला पटत नाही. दुपारी लाईट गेल्यावर स्टीलचा पेला काठोकाठ भरला, हौदावरच्या फरशीच्या मधोमध ठेवला आणि समोर चप्पल घालून बसले. बोळात दुपारीसुद्धा अंधारं असतं. दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत येते तेवढाच उजेड, ती पट्टी पेल्यावर पडली होती. पाणी अगदी स्थिर. त्यात दाराची कडी दिसत होती.

हात आवळला. कडी थरथरली.

हात सुटला. कडी जागेवर आली.

मी श्वास धरला. बाहेर एखादा ट्रक जात असेल. नांदेडच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात. हात आवळला. कडी फुटली, पाणी काठावरून सांडलं आणि पेल्याखाली एक थेंब धावत गेला. बाहेर काही जात नव्हतं. एक कावळासुद्धा नव्हता.

"काय करलालीस गं तिथं?" गुणाबाई जिन्यावरून म्हणाल्या आणि मी पेल्यासकट उडाले. "आगं माय! किती भेतीस. भूत हाय का मी?"

"मावशी, हौद उघडून बघायचा का एकदा? उंदीर पडला असेल."

उंदीर म्हटल्यावर त्या लगेच खाली आल्या. रेणुकाला उठवलं. तिघींनी फरशी ओढली, झाकण काढलं, मोबाईलचा उजेड आत सोडला. पाणी निम्म्यावर होतं, स्वच्छ. तळाला बसलेली क्षारांची पांढरी खर दिसत होती. उंदीर नव्हता. काहीच नव्हतं. उजेड भिंतीभिंतीनं नेत मी आमच्या खोलीखालच्या बाजूला वळवला. तिथं हौद आत जातो. उजेड थोडा गेला आणि पुढं पाणी नुसतं काळं होत गेलं.

"झालं का समाधान?" रेणुका म्हणाली. "लाव आता."

झाकण उलटं पडलं होतं. आतून त्याला हिरवट शेवाळ धरलेलं होतं, सगळीकडे सारखं. फक्त मधोमध लोखंड स्वच्छ होतं. रोज हात लागणारं भांडं असतं तसं. हाताएवढंच.

"वाफेचं पाणी ठिबकतंय तिथं," रेणुका म्हणाली. मी काही विचारलंही नव्हतं.

६

भरतीचं हॉलतिकीट आलं. मी फॉर्म नांदेडचा भरला होता, रेणुकानं लातूरचा, तिचं मैदान माझ्यानंतर होतं. त्या आठवड्यात तिला ताप आला आणि ती खोलीवर राहिली. मी एकटी मैदानावर जायला लागले.

पहिल्याच दिवशी गोळा मानेला लावला आणि हाताला तो ताल जाणवला. आत कुठं तरी कुणी ढकलत होतं. आजवर मी तो दाबायची. त्या दिवशी दाबला नाही. गुडघ्यातून उठले आणि त्याच्याबरोबर हात सोडला.

गोळा सहाच्या रेषेपलीकडे पडला.

व्यंकटी सर टेप घेऊन पळतच आले. "ए हिमायतनगर! काय खाऊन आलीस? मार अजून एक!" मी अजून मारला. पुन्हा पलीकडे. मी रडतच होते, सरांना वाटलं आनंदानं. आनंदच होता तो. पोह्यांचा ट्रे, आईचे पाव्हणे, सगळं त्या रेषेच्या अलीकडे राहिलं होतं.

खोलीवर आले तर रेणुका गोधडी गुंडाळून दारात बसलेली. "कुठं मेली होतीस? फरशी वाजली गं आज. दोनदा. अशी धाडकन. मला वाटलं मावशीचा सिलिंडर पडला."

फरशीभोवती जमिनीवर खाऱ्या पाण्याचा पांढरा काठ धरलेला असतो. फरशी त्या काठाच्या बाहेर आली होती. बोटभर.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर मुद्दाम हात आखडून ढकलला. गोळा पाचावर धपकन पडला. खोलीवर आले, फरशी जिथं ठेवली होती तिथंच. तिसऱ्या दिवशी सोडला. गोळा सव्वासहा. फरशी दोन बोटं.

त्या दिवशी दुपारी मी रेणुकाला सगळं सांगितलं. पॅडपासून फरशीपर्यंत. ती पहिल्यांदाच मधे हसली नाही. मग तिनं माझा दंड दाबून बघितला, डॉक्टर बघतात तसा.

"पाणी वर चढवायची मोटर सुरू असली की फरशी सरकतीय, मावशीच म्हणाल्या. आता तू ठरीव. हात सोडायचा का आखडायचा?"

"आखडला तर पुन्हा एका मार्कानं राहीन."

"मग सोड की. मी अन् मावशी सरकवू फरशी परत. मी हाय ना इथं."

"तू नको ना थांबू इथं," मी म्हणाले. "त्या दिवशी अकॅडमीच्या होस्टेलवर जा. पुनमच्या खोलीत. माझं मैदान होईपर्यंत. माझ्यासाठी."

"दचके," ती म्हणाली. पण माझ्या गळ्याची शपथ घेतली आणि मी निघाले त्या संध्याकाळी बॅग घेऊन होस्टेलवर गेलीसुद्धा. तिनं पुनमबरोबरचा फोटो पाठवला, दोघींची जीभ बाहेर.

७

नांदेडला दादाच्या खोलीवर मुक्काम केला. सकाळी त्यानं गेटपर्यंत सोडलं. मोबाईल आत न्यायचा नसतो, तो त्याच्याकडे दिला.

"जय भीम. दचकायचं न्हाई," तो म्हणाला.

धावणं झालं. मग गोळ्याच्या रांगेत बसलो. हात सकाळपासून गप्प नव्हता. मी तो मांडीखाली दाबून बसले होते. शेजारच्या मुलीनं विचारलं, "दुखतंय का?" मी नाही म्हटलं.

तीन संधी असतात. पहिल्यांदा मी हात आखडला. ठरवून नाही, भीतीनं. पाचाच्या थोडा पुढं. टेप धरणाऱ्या मॅडमनी माझ्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्यांदा पाय रेषेवर पडला. फाऊल.

तिसऱ्यांदा मी गोळा मानेला लावून उभी राहिले. लोखंड गार होतं. मी मनात म्हटलं, रेणुका होस्टेलवर आहे. मावशी वर असतात. फरशी सरकली तर सरकली.

आणि हात सोडला.

या वेळी आत जे उठलं ते एका धक्क्याचं नव्हतं. कुणी खांदा लावून उठावं, पाठ लावून उठावं, तसं ते माझ्या टाचेपासून वर आलं. गोळा सुटला. तो पडलेला मी बघितला नाही. मला फक्त एवढं कळलं की हात रिकामा झाला. इतके दिवस त्यात असलेलं सगळं गेलं. दंड माझा झाला, हलका, थोडा दुखरा, नेहमीसारखा.

"पूर्ण मार्क," मॅडम म्हणाल्या. "पुढची."

८

गेटबाहेर दादानं मला उचललंच. मी त्याच्या हातातून मोबाईल घेतला. रेणुकाचा मेसेज होता, सकाळचा.

"नळाला पाणी आलं गं. मावशीचा फोन. त्यांच्यानं फरशी निघत न्हाई. जाऊन लगेच येते. रागवू नको."

फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा गुणाबाईंना लावला.

"हाव, आली व्हती की," त्या म्हणाल्या. "दोघींनी फरशी काढली, पाईप सोडला. मी ड्रम भरायला गच्चीवर आले, ती खाली थांबली. का गं?"

"आता कुठं आहे?"

"खालीच हाय. भाकरी करलालीय. आवाज येलालाय की थापल्याचा. पोरगी गुणाची, फरशीसुदिक एकटीनंच लावली बघ परत."

मी दादाला मिठी मारून रडले. या वेळी खरंच आनंदानं. भाकरी करतेय. फोन खोलीत असेल, पिठाचे हात, म्हणून उचलला नसेल. लातूरच्या गाडीत खिडकीपाशी बसले. हात मांडीवर ठेवला होता. तो इतका शांत होता की मी अधूनमधून बोटं हलवून बघत होते. लोह्याच्या पुढं कुठं तरी मला झोप लागली. कित्येक दिवसांनी.

मधेच जाग आली ती एका विचारानं. फरशीला दोघी लागतात.

९

ऊन उतरलं होतं. गुणाबाई बाहेर पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या.

"आलीस? पेढे कुठायत?" मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "आगं, हिला सांग बाई आता बास कर म्हणून. सकाळपासून थापलालीय. किती माणसं जेवायला बोलावलीत कोण जाणे. हाक मारली तर वळून बघंना."

बोळात शिरले. लाईट गेलेली होती. फरशी जागच्या जागी होती, पांढऱ्या काठाच्या अगदी आत, इतकी नेमकी की आम्हा दोघींना तशी कधी जमली नाही. तिच्यावरून खोलीपर्यंत पाणी सांडलं होतं. वाळत आलेलं.

खोलीचं दार उघडं होतं. आतून आवाज येत होता. थप. थप. थप. मी हाताकडे बघितलं. हात हलत नव्हता. म्हणजे ही खरीच भाकरी होती, मी स्वतःला म्हटलं, आणि पुढं गेले.

रेणुका पाठमोरी बसली होती, परातीपुढं. केस ओले होते, पाठीवर चिकटलेले. गॅस बंद होता. तवा खिळ्यालाच होता.

"रेणू, पूर्ण मार्क मिळाले गं."

"हं," ती म्हणाली. आवाज तिचाच होता. "बस. खाऊन घे."

थप. थप. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. परातीत पिठाचा एकच गोळा होता. मधे भोक पडलेलं, आणि भोकातून परातीचा पत्रा दिसत होता, घासल्यासारखा लखलखीत. तळवा त्याच जागी पडत होता. सरळ. उघडून, आपटून, उघडून.

तिचा हात फिरत नव्हता.

मी एक पाऊल मागं आले. दोन. बोळात आले. टाच फरशीला लागली तेव्हा मी उभी राहिले, कारण माझा दंड आवळला होता.

अगदी हलका. आधीचं बळ त्यात नव्हतं. थकलेल्या माणसाचा असावा तसा. कोपर सरळ झालं, तळवा उघडला, वर आपटला. मग मनगट वळलं.

पुन्हा तळवा आपटला. पुन्हा मनगट वळलं.

आतून रेणुका म्हणाली, "येतीस ना?"

थाप, फिरव. थाप, फिरव. माझा हात फिरत होता.